पॅसिफिकच्या दोन तीरांवरील विद्यार्थी : जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद आणि सांस्कृतिक संवादाच्या मर्यादा

१. प्रास्ताविक

दोन संस्कृतींमधील देवाणघेवाणीचा इतिहास लिहिताना तौलनिक साहित्याचा अभ्यासक सामान्यतः ग्रंथांकडे, भाषांतरांकडे आणि प्रवासवर्णनांकडे वळतो. हे स्वाभाविक आहे. कारण संस्कृतिसंपर्काचा सर्वांत टिकाऊ पुरावा लिखित स्वरूपातच मागे राहतो. मराठीपुरते बोलायचे तर १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत वास्तव्य करून जपानमार्गे मायदेशी परतलेल्या पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील १८८९ चे प्रवासवृत्त हे अशा पुराव्याचे ठळक उदाहरण होय. त्याआधी १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या सबात इस्लांबूली या तिघी आपापल्या देशी पोशाखात शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात. आशियातील तीन भाषा त्या छायाचित्रात एकत्र आल्या आहेत. परंतु त्या तिघींमध्ये कोणते संभाषण झाले असेल याचा मागमूस छायाचित्र देत नाही.

रमाबाईंचा ग्रंथ आणि हे छायाचित्र यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हींत आशियाई व्यक्ती अमेरिकेत एकटी गेलेली आहे. ती पाहते, शिकते, तुलना करते आणि परतते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या एकाकी प्रवाशाच्या जागी वेगळीच आकृती उभी राहू लागली. ती म्हणजे विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे प्रतिनिधिमंडळ. एकाने पाहावे आणि लिहावे याऐवजी अनेकांनी समोरासमोर बसून बोलावे, वाद घालावा आणि त्याचा संयुक्त अहवाल प्रसिद्ध करावा, अशी ही रचना होती. १९३४ साली टोकियोत भरलेली जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद हे या रचनेचे आद्य आणि सर्वाधिक काळ टिकलेले रूप मानावे लागेल. सदर लेखात या परिषदेच्या पहिल्या तीन दशकांचा, म्हणजे १९३४ ते १९६४ या काळाचा परामर्श घेतला असून त्या निमित्ताने दोन प्रश्न उपस्थित केले आहेत. पहिला, असा संवाद कोणत्या भाषेत आणि कोणाच्या अटींवर होतो? दुसरा, दोघांच्या संवादात अनुपस्थित असलेल्या तिसऱ्याचे काय होते?

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

परिषदेचा जन्म सौहार्दाच्या काळात झाला नाही, ही बाब आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा खटल्यात जपानी व्यक्ती अमेरिकी नागरिकत्वास अपात्र असल्याचा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड खटल्यात तोच न्याय भारतीयांनाही लावला गेला. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने नागरिकत्वास अपात्र ठरणाऱ्यांचा प्रवेशच रोखला आणि जपानमध्ये तो राष्ट्रीय अपमान मानला गेला. दुसऱ्या बाजूस, १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेन येथे घडवून आणलेल्या स्फोटाचे निमित्त करून जपानी सैन्याने मांचुरिया व्यापला. मार्च १९३२ मध्ये मांचुकुओ हे नामधारी राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी १५ मे रोजी पंतप्रधान इनुकाई यांची तरुण नौदल अधिकाऱ्यांनी हत्या केली. मार्च १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची सूचना दिली. मांचुकुओला मान्यता न देण्याचे धोरण अमेरिकेने जानेवारी १९३२ मध्येच जाहीर केले होते.

विद्यापीठांतही वातावरण आकुंचित होत होते. १९३३ मध्ये क्योतो साम्राज्य विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक ताकिगावा यांना त्यांच्या उदारमतवादी विचारांसाठी पदावरून दूर करण्यात आले. त्याविरुद्ध प्राध्यापकांनी राजीनामे दिले, विद्यार्थ्यांनी आंदोलन केले; परंतु ते मोडून काढण्यात आले. मतभेद उघडपणे मांडण्याची जागा देशातच अरुंद होत चाललेली असताना परकीयांशी मोकळेपणाने बोलण्याची कल्पना पुढे आली, हा योगायोग नव्हे.

या पार्श्वभूमीवर इनाझो नितोबे यांचे चरित्र प्रतीकात्मक ठरते. तरुणपणी टोकियोच्या विद्यापीठात प्रवेश घेताना आपल्याला पॅसिफिकवरील पूल व्हायचे आहे असे त्यांनी सांगितल्याचे जपानमध्ये सर्वश्रुत आहे. १९०० साली त्यांनी 'बुशिदो' हा ग्रंथ इंग्रजीत लिहून जपानी नीतिकल्पना पाश्चात्त्य वाचकांपुढे ठेवली. पुढे ते राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले. १९२४ च्या कायद्याच्या निषेधार्थ तो रद्द होईपर्यंत अमेरिकेच्या भूमीवर पाऊल न ठेवण्याचा निश्चय त्यांनी केला होता. मात्र १९३२ मध्ये तो मोडून ते अमेरिकेत गेले आणि मांचुरियाबाबत जपानची बाजू समजावून सांगण्याचा प्रयत्न त्यांनी केला. अमेरिकी श्रोत्यांना ते सैनिकी सत्तेचे समर्थक वाटले, तर मायदेशी सैनिकी गटाला ते पुरेसे राष्ट्रनिष्ठ वाटले नाहीत. ऑगस्ट १९३३ मध्ये कॅनडातील बॅन्फ येथे भरलेल्या पॅसिफिक संबंध संस्थेच्या परिषदेत त्यांनी भाग घेतला आणि ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया येथे त्यांचे निधन झाले. एकाच प्रतिष्ठित व्यक्तीने दोन संस्कृतींमधील पुलाचा सारा भार वाहण्याचा काळ संपत आल्याची ही खूण होती. त्यानंतर वर्षभराच्या आत विद्यार्थ्यांनी तो भार उचलण्याचा प्रयत्न केला.

३. पहिली परिषद : १९३४

परिषदेची कल्पना सर्वस्वी जपानी विद्यार्थ्यांची होती. नामिजी इताबाशी हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक. संस्थापकांची भूमिका थोडक्यात अशी होती : जगाची शांतता पॅसिफिकच्या शांततेवर अवलंबून आहे, पॅसिफिकची शांतता जपान आणि अमेरिका यांच्या परस्परविश्वासावर अवलंबून आहे आणि तो निर्माण करण्याच्या कामात विद्यार्थ्यांचाही वाटा असला पाहिजे. शासनाकडून हे काम होईल अशी आशा उरली नव्हती. त्यामुळे चार विद्यार्थी स्वतःच अमेरिकेस गेले, तेथील विद्यापीठांतून फिरले, निमंत्रणे दिली आणि ९९ अमेरिकी प्रतिनिधींना घेऊन परतले. टोकियोतील आओयामा गाकुइन या मेथॉडिस्ट मिशनऱ्यांच्या कार्यातून वाढलेल्या शिक्षणसंस्थेत १९३४ च्या उन्हाळ्यात पहिली परिषद भरली. व्यवस्था आणि खर्चाची जबाबदारी यजमान विद्यार्थ्यांनी स्वीकारली. त्यांच्या उपक्रमशीलतेने प्रभावित झालेल्या अमेरिकी प्रतिनिधींनी पुढील परिषद आपल्या देशात भरवण्याचे वचन दिले आणि १९३५ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील रीड कॉलेजात ते पाळले. त्यानंतर एक वर्ष जपान, एक वर्ष अमेरिका असा क्रम पडला. १९३७ ची परिषद स्टॅनफर्डला आणि १९३९ ची दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. १९४० पर्यंत अशा सात परिषदा भरल्या.

हे चित्र प्रेरक असले तरी त्याची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. पहिल्या परिषदेनंतर अमेरिकी पाहुण्यांना जपानबरोबरच मांचुकुओचाही दौरा घडवण्यात आला. ज्या राज्याला त्यांच्या शासनाने मान्यता नाकारली होती, त्याच राज्यात हे विद्यार्थी पाहुणे म्हणून हिंडले. यजमान विद्यार्थ्यांचा हेतू प्रामाणिक होता यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कोणता प्रदेश दाखवायचा, तेथे कोणाला भेटवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे विद्यार्थ्यांच्या हाती नव्हते. त्याच वर्षी, एप्रिल १९३४ मध्ये, परदेशांत जपानी संस्कृतीचा परिचय करून देण्यासाठी 'कोकुसाइ बुंका शिंकोकाइ' ही संस्था शासकीय पाठबळाने स्थापन झाली होती. राष्ट्रसंघ सोडलेल्या राष्ट्राला जगाशी बोलण्यासाठी आता संस्कृती हे माध्यम हवे होते. विद्यार्थ्यांचा स्वयंस्फूर्त संवाद आणि राज्यसंस्थेची सांस्कृतिक राजनीती हे दोन प्रवाह एकाच वर्षी उगम पावले. त्यांचे पाणी एकमेकांत किती मिसळले हा प्रश्न प्रत्येक परिषदेच्या बाबतीत नव्याने विचारावा लागतो.

या दौऱ्यातील खरी उणीव वेगळीच होती. ज्या भूमीविषयी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थी चर्चा करीत होते, त्या भूमीचा चिनी विद्यार्थी त्या मेजावर नव्हता. १९१० पासून जपानची वसाहत असलेल्या कोरियाला राष्ट्र म्हणून तेथे स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या ताब्यातील फिलिपिन्सला दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर स्वातंत्र्य देण्याचा कायदा मार्च १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केला होता. परंतु फिलिपिनो विद्यार्थीही त्या द्विपक्षीय रचनेत बसत नव्हता. दोन साम्राज्यांची मुले शांततेविषयी बोलत होती आणि ज्यांच्या भूमीवर ती शांतता ठरायची होती ते दाराबाहेर होते.

४. भाषेचा प्रश्न

परिषदेचे जपानी नाव 'निचिबेइ गाकुसेइ काइगी' असे आहे. 'निचि' म्हणजे जपान, 'बेइ' म्हणजे अमेरिका. नाव दोन भाषांत असले तरी चर्चा एका भाषेत, म्हणजे इंग्रजीत होत असे. वरवर पाहता ही सोयीची बाब वाटते. पण तौलनिक अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे.

स्वतःला इंग्रजीत समजावून सांगण्याची परंपरा जपानी बुद्धिजीवींत १९३४ पूर्वीच दृढ झालेली होती. नितोबे यांच्या 'बुशिदो'प्रमाणेच काकुझो ओकाकुरा यांचा चहाविषयीचा १९०६ चा सुप्रसिद्ध ग्रंथही मुळातच इंग्रजीत लिहिलेला आहे. या परंपरेत लेखक आपल्याच संस्कृतीचा दुभाषी होतो. समोरच्याला परिचित असलेल्या संज्ञा शोधून तो आपले जग त्यांत बसवतो. क्षत्रियधर्माला नाइटच्या आचारसंहितेचा आधार देतो. विद्यार्थी परिषदेतील जपानी प्रतिनिधी याच परंपरेचे तरुण वारस होते. त्यांना दुहेरी काम करावे लागे : विचार मांडणे आणि त्याचे भाषांतर करणे. अमेरिकी प्रतिनिधीला केवळ पहिलेच काम होते. परिणामी ज्याचे इंग्रजी उत्तम तोच जपानचा प्रतिनिधी ठरे आणि ज्या समाजगटांत इंग्रजी पोचलेली नव्हती, विशेषतः ज्या ग्रामीण स्तरांतून सैन्याची भरती होत होती, त्यांचे मनोगत या संवादाच्या परिघात येतच नव्हते. भारतीय वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपल्या विद्यापीठांतील अखिल भारतीय चर्चासत्रांतही मराठी, तमिळ किंवा असमिया साहित्याचा अभ्यासक बहुधा इंग्रजीच्याच दारातून प्रवेश करतो.

विषमतेची दुसरी बाजू अधिक उपरोधिक आहे. विद्यार्थी परिषदांच्या सात वर्षांत अमेरिकी विद्यार्थ्यांमध्ये जपानी भाषेचा व्यापक प्रसार झाला नाही. तो झाला युद्धामुळे. १९४१ च्या शरद ऋतूत अमेरिकी नौदलाने जपानी भाषेचे सघन प्रशिक्षण सुरू केले. पुढे त्याचे केंद्र कोलोराडोतील बोल्डर येथे गेले. याच प्रशिक्षणातून डोनाल्ड कीन आणि एडवर्ड साइडेनस्टिकर हे जपानी साहित्याचे दोन थोर भाषांतरकार घडले. कीन यांच्या वाट्याला युद्धकाळात जे वाचन आले त्यात मृत जपानी सैनिकांच्या दैनंदिन्या होत्या. शत्रूची गुप्त माहिती शोधण्यासाठी उघडलेल्या त्या वह्यांत त्यांना भूक, घराची ओढ आणि मरणाची चाहूल भेटली. परिषदेच्या सभागृहात इंग्रजीतून न पोचलेला आवाज अशा रीतीने जपानीतून, पण बोलणारा गेल्यानंतर पोचला. काही वर्षांनी, १९५६ मध्ये, यासुनारी कावाबाता यांची 'यूकिगुनी' ही कादंबरी साइडेनस्टिकर यांच्या भाषांतराने इंग्रजी वाचकांना उपलब्ध झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानी-इंग्रजी साहित्यव्यवहाराचे एक मूळ या लष्करी वर्गांत आहे, ही वस्तुस्थिती सांस्कृतिक देवाणघेवाणीविषयीच्या अनेक सुखद गृहीतकांना छेद देते.

५. संवादाचा ताण : १९३७ ते १९४०

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळील मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि चीन-जपान युद्धाला तोंड फुटले. त्यानंतरही परिषद खंडित झाली नाही. १९३८ ची परिषद ठरल्याप्रमाणे जपानमध्ये भरली. त्याच वर्षी एक दुसरा संवाद मात्र तुटला आणि त्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१६ मध्ये जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत राष्ट्रवादाविषयी जी व्याख्याने दिली, त्यांत राष्ट्रपूजेचा धोका स्पष्ट शब्दांत मांडला होता. १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी चीनमधील युद्धाचे समर्थन करणारे पत्र रवींद्रनाथांना लिहिले. रवींद्रनाथांनी त्यास परखड नकार दिला. नोगुची हे इंग्रजीत कविता लिहिणारे, अमेरिकेत तारुण्य घालवलेले आणि केइओ विद्यापीठात अध्यापन करणारे कवी होते. दोन भाषांत वावरणारा, दोन खंड जाणणारा माणूसही राष्ट्राच्या हाकेपुढे स्वतंत्र राहतोच असे नाही, हे या पत्रव्यवहाराने दाखवले. विद्यार्थी परिषदेच्या मूळ गृहीतकालाच, म्हणजे परस्परपरिचयातून समंजसपणा येतो या विश्वासालाच, हे आव्हान होते.

तथापि रवींद्रनाथ-नोगुची पत्रव्यवहार आणि विद्यार्थी परिषद यांच्यातील एक भेद ध्यानात ठेवावा लागेल. पत्रे प्रसिद्धीसाठी लिहिली गेली होती. प्रत्येक शब्दामागे एक देश वाचक म्हणून उभा होता. परिषदेत मात्र सभा संपल्यानंतरचा वेळही असे. एकत्र जेवण, आगगाडीचा प्रवास, जहाजावरचे दिवस यांत प्रतिनिधित्वाचा पोशाख थोडा सैल होई. या सैल वेळेचा पुरावा अहवालांत मिळत नाही. तो चरित्रांत सापडतो. १९३९ मध्ये टोकियो साम्राज्य विद्यापीठाचे विद्यार्थी असलेले किइची मियाझावा जहाजाने कॅलिफोर्नियास गेले. त्या प्रतिनिधिमंडळात विद्यार्थिनीही होत्या आणि मियाझावा यांची भावी पत्नी त्यांपैकीच एक होती. त्याच उन्हाळ्यात, २६ जुलै १९३९ रोजी, अमेरिकेने जपानशी असलेला १९११ चा व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना दिली. विद्यार्थी चर्चा करीत होते आणि शासने एकेक दार बंद करीत होती. १९४० ची सातवी परिषद जपानमध्ये झाली. सप्टेंबर १९४० मध्ये जपानने जर्मनी आणि इटली यांच्याशी त्रिपक्षीय करार केला. आठव्या परिषदेसाठी सात वर्षे थांबावे लागले.

६. युद्धकाळ : अहवाल नसलेली वर्षे

१९४१ ते १९४६ या काळात परिषद झाली नाही. म्हणून तिच्या इतिहासात ही वर्षे रिक्त दाखवली जातात. परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती रिक्त नव्हती. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी टोकियोतील मेइजी मंदिराच्या बाह्य उद्यानातील मैदानावर, पावसात, सैन्यात भरती होणाऱ्या विद्यार्थ्यांचे संचलन झाले. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना तोवर मिळालेली सवलत काढून घेण्यात आली होती. युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे, टिपणे आणि दैनंदिन्या यांचा 'किके वादात्सुमी नो कोए' हा संग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचाहत्तर जणांचे लेखन आहे. अनेक नोंदींमधून युरोपीय तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्याशी त्यांचा घनिष्ठ परिचय दिसून येतो. परिषदांचे इंग्रजी अहवाल आणि हा जपानी संग्रह हे एकाच पिढीचे दोन दस्तऐवज आहेत. पहिल्यात विद्यार्थी राष्ट्राच्या वतीने परक्याशी बोलतो. दुसऱ्यात तो आईशी, मित्राशी किंवा स्वतःशी बोलतो. या दोन्हींचे शेजारी ठेवून वाचन केल्याशिवाय त्या पिढीचे मन उलगडणार नाही.

अमेरिकेच्या बाजूचा अनुभवही विसरता येत नाही. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. ज्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांत जपानी प्रतिनिधींचे स्वागत झाले, तेथीलच विद्यार्थी वर्गातून उठवले गेले. यांतील सुमारे चार हजार विद्यार्थ्यांना देशाच्या अंतर्भागातील महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देण्याचे काम १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एका स्वयंसेवी विद्यार्थी पुनर्वसन समितीने केले. त्यात क्वेकर कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता.

या दोन्ही बाजूंना जोडणारे एक चरित्र तोरू मात्सुमोतो यांचे आहे. १९३५ च्या पोर्टलंड परिषदेसाठी आलेल्या जपानी प्रतिनिधींपैकी ते एक. परिषद संपल्यावर ते न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकण्यासाठी राहिले. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पेटताच त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक झाली आणि काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. सुटकेनंतर चर्चसंस्थांच्या वतीने जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी काम केले. १९४६ मध्ये 'अ ब्रदर इज अ स्ट्रेंजर' हे त्यांचे आत्मकथन मॅरियन लेरिगो यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. पारंपरिक कुटुंबातील वडीलभावाच्या निरंकुश अधिकाराची कहाणी त्यात आहे आणि त्या कहाणीतून राष्ट्रातील अधिकारशाहीकडे पाहण्याची दृष्टी वाचकाला मिळते. हे जपानी माणसाचे आत्मकथन अमेरिकी सहलेखिकेच्या साहाय्याने, इंग्रजीत, नुकत्याच जिंकलेल्या राष्ट्राच्या वाचकांसाठी लिहिले गेले, ही बाब त्याचा अर्थ लावताना सतत समोर ठेवावी लागते. मायदेशी परतल्यावर १९५१ पासून दोन दशके मात्सुमोतो यांनी जपानी नभोवाणीवर इंग्रजी संभाषणाचे पाठ दिले. इताबाशी यांनीही युद्ध संपताच, १९४५ मध्ये, टोकियोत इंग्रजी संभाषणाची शिक्षणसंस्था काढली होती. परिषदेच्या दोन सदस्यांना युद्धोत्तर काळात सर्वांत निकडीचे काम भाषाशिक्षणाचे वाटावे, हे त्यांच्या आधीच्या अनुभवाचेच फलित म्हणता येईल. मात्र हा मार्गही एकेरीच होता : शिकायचे होते ते इंग्रजी.

७. पुनरारंभ, खंड आणि पुनरुज्जीवन

१९४७ मध्ये आठवी परिषद जपानमध्ये भरली तेव्हा देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. पूर्वी यजमान आणि पाहुणा असे नाते होते. आता जेता आणि जित असे नवे नाते त्यावर चढले होते. या काळातील सहभागी अमेरिकनांत १९५१ साली हेन्री किसिंजर यांचा समावेश होता, अशी नोंद परिषदेच्या माजी सदस्यांमध्ये आढळते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, तेव्हा जपानी शिष्टमंडळाच्या साहाय्यकांत मियाझावा होते. पुढे १९९१ ते १९९३ या काळात ते पंतप्रधान झाले. अशा नावांची यादी देऊन परिषदेचे यश सिद्ध करण्याची प्रथा आहे. परंतु दोन-तीन मुत्सद्द्यांच्या चरित्रांवरून हजारोंच्या संवादाचे मोल ठरवणे ही जुनीच चूक नव्या रूपात करणे होय. नितोबे यांच्या एकट्याच्या खांद्यावर पूल उभा करण्यासारखेच ते आहे.

१९५४ ची पंधरावी परिषद अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाली आणि त्यानंतर दहा वर्षांचा खंड पडला. या दशकात घडलेली घटना बोलकी आहे. १९६० मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या सुधारित सुरक्षा कराराविरुद्ध जपानभर प्रचंड आंदोलन झाले. त्यात विद्यार्थी अग्रभागी होते. १५ जून रोजी संसदेच्या आवारातील संघर्षात टोकियो विद्यापीठाची मिचिको कांबा ही विद्यार्थिनी मृत्यू पावली आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची नियोजित भेट रद्द झाली. त्याच वर्षी हार्वर्डचे जपानविद्यातज्ज्ञ एडविन रायशॉवर यांनी जपानशी तुटलेल्या संवादावर एक प्रभावी लेख लिहिला. अमेरिकी प्रतिनिधी केवळ सत्ताधारी आणि उद्योगपती यांच्याशीच बोलतात; विद्यार्थी, लेखक, कामगार संघटना आणि विरोधी विचारवंत यांच्याशी त्यांचा संबंधच राहिलेला नाही, असा त्याचा आशय होता. पुढील वर्षी तेच राजदूत म्हणून टोकियोस गेले. त्यांच्या कारकिर्दीत, १९६४ मध्ये, युद्धपूर्व सदस्यांच्या पुढाकाराने परिषद पुन्हा सुरू झाली. परिषद नव्हती म्हणून आंदोलन झाले असे कार्यकारण जोडणे भाबडेपणाचे ठरेल. पण विद्यार्थी परिषदेत येणारा विद्यार्थी आणि रस्त्यावर उतरणारा विद्यार्थी हे दोघेही एकाच प्रश्नाला, अमेरिकेशी कोणत्या नात्याने जगायचे या प्रश्नाला उत्तर शोधत होते, एवढे निश्चित म्हणता येते.

शीतयुद्धाच्या काळात अशा उपक्रमांच्या स्वायत्ततेचा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९६७ मध्ये 'रॅम्पार्ट्स' या नियतकालिकाने अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला गुप्तहेर खात्याकडून दीर्घकाळ निधी मिळत असल्याचे उघडकीस आणले. आंतरराष्ट्रीय युवक मेळाव्यांत विश्वासाने बोललेले शब्द कोठे पोचत होते, हा प्रश्न जगभरातील विद्यार्थ्यांना पडला. जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेची रचना या बाबतीत वेगळी राहिली. प्रतिनिधींनी आपल्यातूनच पुढील वर्षाची कार्यकारी समिती निवडावी आणि कार्यक्रम विद्यार्थ्यांनीच आखावा, ही तिची पद्धत आहे. दरवर्षी नवे अननुभवी हात येतात, हे या पद्धतीचे वैगुण्य आहे आणि बळही.

८. समारोप

परिषद युद्ध टाळू शकली नाही. हे तिच्यावरील सर्वांत सोपे टीकावचन आहे आणि ते फारसे उपयोगी नाही. कारण ९९ पाहुणे आणि त्यांचे यजमान विद्यार्थी यांच्या हाती आरमारे नव्हती. अधिक कठीण प्रश्न त्यांच्या हाती काय होते हा आहे. कोणाला बोलवायचे, कोणत्या भाषेत बोलायचे आणि दाखवलेल्या दृश्यापलीकडे पाहायचे की नाही, हे काही अंशी त्यांच्या हाती होते. या तिन्ही कसोट्यांवर १९३४ ची परिषद अपुरी पडते आणि तरीही, ज्या वर्षी बहुतेकांनी बोलणे सोडले होते त्या वर्षी ती बोलायला बसली, हे तिचे श्रेय उरतेच.

पुढील काळात ही रचना इतरत्र पसरली. १९९१ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आशियाशी संवाद साधणारी परिषदांची मालिका सुरू केली. २००१ मध्ये अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांच्या टकरीमुळे संबंध ताणले गेले, त्या वर्षी स्टॅनफर्ड येथे अमेरिकी-चिनी विद्यार्थ्यांचे व्यासपीठ उभे राहिले. १९३४ प्रमाणेच येथेही संकट हाच आरंभबिंदू होता. २००८ मध्ये, जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेच्या साठाव्या अधिवेशनाच्या वर्षी, त्याच संस्थात्मक परंपरेतून कोरिया-अमेरिका विद्यार्थी परिषद जन्मास आली. पहिल्या परिषदेच्या काळात ज्या देशाला स्वतःच्या नावाने बोलता येत नव्हते, तो चौऱ्याहत्तर वर्षांनी स्वतंत्र पक्ष म्हणून मेजाशी आला. पण तेथेही मेज दोघांचेच राहिले. जपानी आणि कोरियन विद्यार्थी आपापल्या खोलीत अमेरिकेशी बोलतात. परस्परांविषयीचा सर्वांत अवघड विषय, म्हणजे वसाहतकाळाची स्मृती, या रचनेत तिसऱ्याच्या अनुपस्थितीतच चर्चिली जाण्याचा संभव असतो.

भारतीय तौलनिक अभ्यासासाठी या इतिहासातून एक कार्यक्रम सुचतो. परिषदांचे इंग्रजी अहवाल, मृत विद्यार्थ्यांच्या जपानी दैनंदिन्या, मात्सुमोतो यांचे सहलिखित आत्मकथन आणि मांचुरिया व कोरिया येथील त्याच काळातील चिनी व कोरियन लेखन यांचे एकत्र वाचन झाले पाहिजे. दोन भाषांच्या तुलनेत जे झाकले जाते ते तिसऱ्या आणि चौथ्या भाषेत उघड होते. फिलाडेल्फियाच्या त्या छायाचित्रात मराठी, जपानी आणि अरबी या भाषा बोलणाऱ्या तिघी अमेरिकी यजमान चौकटीबाहेर ठेवून शेजारीशेजारी बसल्या होत्या. आशियाई विद्यार्थ्यांनी अमेरिकेत भेटूनही परस्परांशी थेट बोलावे, ही शक्यता १८८५ मध्येच चित्रित झाली होती. तिचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.